जिम्नी वाळवंटात नेताना: गोव्यातून निघण्याआधीचा परखड हिशोब

पाच दारांची मारुती जिम्नी जून २०२३ मध्ये विक्रीला आली. गोव्यातल्या अरुंद वाड्यांना, पावसाळ्यातल्या सत्तरी-केप्यातल्या चिखलाला ही गाडी शोभते, त्याबद्दल वाद नाही. इथे परीक्षण एकाच कामापुरतं आहे. गोव्यातून निघायचं, जैसलमेरपलीकडच्या वाळूत तीन-चार दिवस काढायचे आणि त्याच गाडीने घरी यायचं. त्यासाठी ही गाडी कशी? दोन माणसं असतील तर उत्तम. चार असतील तर दुसरी गाडी पाहा. आणि तयारीच्या नावाखाली बाजारात जे विकलं जातं त्यातलं निम्म्याहून अधिक तिच्यावर चढवू नका.

असं सांगण्यामागे वजनाचं गणित आहे. प्रकारानुसार जिम्नीचं रिकामं वजन ११९५ ते १२१० किलो, आणि सगळं धरून परवानगी असलेलं वजन १५४५ किलो. म्हणजे माणसांसकट तुमच्या हाती ३३५ ते ३५० किलो. आता मांडा: दोन माणसं १५० किलो, पाणी ६०, भरलेला पेट्रोलचा डबा १९, वाळूतून गाडी काढायचं सामान आणि हत्यारं ३५, तंबू-अंथरूण २५, जेवणखाण आणि शेगडी २०, कपडे आणि किरकोळ २०. बेरीज ३२९. संपला कोटा. यावर लोखंडी बंपर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं मोटरचं यंत्र), छतावरची जाळी आणि शिडी लावली की तो कधीच ओलांडला जातो. वाळूत जिम्नीची सगळी करामत तिच्या हलकेपणात आहे. महिंद्रा थारसारख्या जवळपास पावणेदोन टनांच्या गाडीला जिथे इंजिनाच्या जोरावर चढावं लागतं, तिथे ही तरंगत जाते. तिला जड केलं की हाती उरतं ते १४६२ सीसीचं, १०५ पीएस आणि १३४ न्यूटन-मीटरचं साधं पेट्रोल इंजिन, आणि तेही आपला टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, ४००० आरपीएमला देणारं.

विंचबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण गोव्यातल्या चारचाकी हौशी मंडळींत तिचा सोस मोठा. आपल्याकडे चिखलात अडकलात तर दहा पावलांवर माड नाहीतर काजू असतोच, दोर बांधायला. वाळूच्या टेकडीवर काय बांधणार? सेवण गवताचा झुपका? पुढच्या धुऱ्यावर पंचवीस-तीस किलो जास्तीचं ओझं, आणि उपयोग शून्य. बंपरपुढे लावायचे लोखंडी नळ्यांचे बुलबार तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंद केले आहेत. वाटेत चार राज्यांचे पोलीस भेटणार, त्यांना आयतं निमित्त कशाला द्या.

खर्च करायचाच तर हवेवर करा. वाळूतलं नव्वद टक्के यश टायरमधल्या हवेवर ठरतं. रस्त्यावरचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. वाळू लागली की तो १६ ते १८ पीएसआयवर आणा. असं केल्याने टायर रुंद होतो हा समज चुकीचा. तो मुख्यतः लांब होतो, जमिनीवर टेकणारा पट्टा पुढे-मागे वाढतो, आणि चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून चालतं. भुसभुशीत वाळूत रुतलात तर १२ पर्यंत उतरा, पण मग वेग माणसाच्या चालण्याइतका आणि स्टिअरिंग हळू. १० च्या खाली गेलात आणि झटक्यात वळवलंत तर ट्यूबलेस टायर रिमवरून निसटतो. १६ वर असतानाही ३५-४० च्या पुढे जाऊ नये, आणि डांबरी रस्त्याला लागताच भरायचं, ‘पुढच्या गावात भरू’ नको. कमी हवेवर वेगात धावलेल्या टायरची बाजूची भिंत आतून तापते आणि फाटते. हे नुकसान बाहेरून दिसत नाही, दोन दिवसांनी महामार्गावर कळतं.

टायर बदलायची गरज आहे का? कंपनीचे १९५/८० आर१५ आकाराचे एच.टी. (रस्त्यासाठीचे) टायर वाळूसाठी वाईट नाहीत. खोल खाचांचे एम.टी. (चिखलासाठीचे) टायर तर वाळूत उलटे वागतात: चाक फिरलं की कुदळीसारखं खणत खाली जातं. बदलायचेच असतील तर सौम्य नक्षीचे ए.टी. (सर्व प्रकारच्या जमिनीसाठीचे), २१५/७५ आर१५. त्यांचा व्यास मूळच्यापेक्षा जेमतेम दीड टक्का मोठा, त्यामुळे स्पीडोमीटरची फसवणूक किरकोळ. पण हे टायर जड असतात, आणि जिम्नीच्या पुढच्या अखंड धुऱ्याला जड, नीट बॅलन्स न केलेली चाकं सोसत नाहीत. सत्तर-ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागतं. बदललेत तर पाचही बदला. स्टेपनी वेगळ्या व्यासाची असेल आणि ती लावून फोर-व्हीलमध्ये कडक जमिनीवर चालवलंत तर ताण पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो.

हवा काढायला चार सारखे डिफ्लेटर किंवा व्हॉल्व्हची पिन काढायचं अवजार, आणि एक विश्वासू गेज. पेट्रोल पंपावरचं मीटर आणि तुमचं गेज यांत दोन-तीन पीएसआयचा फरक निघाला तर आश्चर्य नको. निघण्याआधी घरीच ताडून घ्या, म्हणजे आपलं गेज किती खोटं बोलतं ते माहीत राहतं.

कॉम्प्रेसरच्या खरेदीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. १९५/८० आर१५ टायरच्या पोटात अंदाजे ३८ लिटर जागा असते. १६ वरून २८ पीएसआयवर न्यायचं म्हणजे साधारण ३१ लिटर मोकळी हवा आत कोंबायची, चार चाकांची मिळून सव्वाशे लिटर. खोक्यावर ‘मिनिटाला ३५ लिटर’ लिहिलेलं असतं ते समोर दाब नसताना. टायरमध्ये दाब चढला की तो आकडा बराच खाली येतो, म्हणून त्या मशीनला एका चाकाला दीड-दोन मिनिटं धरा. घरगुती, सिगारेट सॉकेटवर चालणारे छोटे पंप प्रत्यक्षात दहा लिटरसुद्धा देत नाहीत. चौथ्या चाकापर्यंत ते इतके तापतात की बंद करून बसावं लागतं, आणि त्यांच्या प्लास्टिकच्या नळीचं तोंड वितळतं. सॉकेटची मर्यादा साधारण १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. कामाचा कॉम्प्रेसर २० ते ३० अँपिअर ओढतो, तो सॉकेटला लावलात तर फ्यूज गेलाच. म्हणून चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडणारा, वायरमध्ये स्वतःचा फ्यूज असलेला, धातूच्या डोक्याचा घ्या. चालवताना इंजिन सुरू ठेवा आणि मशीन वाळूवर न ठेवता पाटावर किंवा पायपुसण्यावर ठेवा, नाहीतर ते स्वतःच वाळू ओढून घेतं. जास्तीचे दोन-तीन फ्यूज डब्यात असू द्यात.

पंक्चरचा विषय इथेच संपवू. थरच्या वाळवंटात आणि कच्छात खरा शत्रू वेडी बाभूळ. तिचा काटा टायरच्या तोंडातून, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागातून, आत जातो आणि हवा कमी असलेल्या टायरच्या फुगलेल्या बाजूतूनही. तोंडाला लागलेल्या भोकाला चिकट दोऱ्यांचा संच पुरे, दहा-बारा दोऱ्या घ्या. बाजूच्या भिंतीवर दोरी टिकत नाही, तिथे स्टेपनीच. गाडीतला जॅक वाळूत सरळ खाली जातो, म्हणून १८ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायचा एक फूट बाय एक फूट तुकडा त्याच्याखाली हवा. कुठल्याही सुताराकडे उरलेला मिळेल. स्टेपनीला कुलूपनट असेल तर त्याची चावी कुठे आहे ते आजच बघा. उंच हाय-लिफ्ट जॅक नको. मूळच्या प्लास्टिक बंपरला तो लावायला जागाच नाही, आणि वजन बारा-तेरा किलो.

रुतल्यावर काढायचं सामान थोडंच लागतं, पण योग्य लागतं. रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या प्लास्टिकच्या पाट्यांची एक जोडी, हलक्या जिम्नीला दोन जोड्यांची गरज नाही. लांब दांड्याचं फावडं, कारण आखूड दांड्याने गाडीच्या पोटाखालची वाळू ओढता येत नाही. म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या हार्डवेअरमध्ये मिळणारं साधं फावडं चालतं, दांडा तेवढा लांब बसवून घ्या. दुसरी गाडी बरोबर असेल तर ताणला जाणारा कायनेटिक दोर, ज्याची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट, म्हणजे इथे साधारण तीन ते साडेचार टन. याहून फार जाड दोर हलक्या गाडीने ताणलाच जात नाही, मग त्याचा फायदा काय? लोखंडी साखळी आणि टोइंगचा न ताणला जाणारा पट्टा झटका द्यायला वापरू नका. शॅकल, म्हणजे दोर हुकाला जोडणारी पिनेची कडी, १६ मिलिमीटरची, ज्यावर ३.२५ टन असं कोरलेलं असतं. पिन पूर्ण आवळून पाव आटा सैल सोडायची, नाहीतर ओढल्यानंतर हाताने उघडत नाही. नरम दोराच्या शॅकल असतील तर आणखी बरं, तुटल्या तरी गोळीसारख्या उडत नाहीत. दोर बांधायचा तो चासीच्या हुकाला. मागे लावलेल्या टो-बॉलला (ट्रेलर ओढायच्या गोळ्याला) दोर अडकवणं म्हणजे मृत्यूला आवतण.

आता गाडी प्रत्यक्ष वाळूत कशी वागते ते पाहू. टू-हायमधून (फक्त मागची चाकं ओढतात) फोर-हाय (चारही चाकं) चालत्या गाडीत पडतं, फोर-लोसाठी (चारही चाकं, पण संथ आणि जास्त ताकदीचं) थांबावं लागतं. वाळू सुरू होण्याआधीच घाला, रुतल्यावर नव्हे. फोर-लो टाकताच ईएसपी (गाडी घसरू लागली की इंजिनाची ताकद कापणारी यंत्रणा) बाजूला होतं, पण घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूला देणारी यंत्रणा चालू राहते. जिम्नीत धुऱ्याची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरेन्शियल लॉक नाही, त्याची उणीव ही यंत्रणा बऱ्यापैकी भरून काढते, पण चाक थोडं फिरल्यावरच ती जागी होते, आणि मऊ वाळूत ‘थोडं फिरणं’ हेच नको असतं. फोर-हायमध्ये वाळू ओलांडताना ईएसपीचं बटण दाबून बंद करा. नाहीतर चढाच्या ऐन मध्यावर संगणक इंजिनाचा गळा धरतो आणि गाडी तिथेच बसते. मॅन्युअल गिअरमध्ये फोर-लोचा पहिला गिअर विसरा. दुसरा-तिसरा, आणि इंजिन तीन-साडेतीन हजारांवर. क्लच अर्धा दाबून खेळवलात तर एका दुपारीत जळेल. चार गिअरची ऑटोमॅटिक महामार्गावर जुनाट वाटते, पण वाळूत गिअर बदलताना गती तुटत नाही म्हणून इथे तीच सरस. तिच्यात फक्त तापमानाच्या दिव्यावर लक्ष हवं.

टेकडी सरळ चढा, सरळ उतरा, आडवी कापू नका. थांबायचं तर नाक उताराकडे करून. चाक जागच्या जागी फिरतंय असं जाणवलं की त्याच क्षणी पाय उचला. आणखी तीन सेकंद दाबलात तर गाडी पोटावर बसते, आणि मग अर्धा तास फावडं. आधी आलेल्याच खुणांवरून मागे येऊन पाहा. नाही जमलं तर चाकांच्या पुढची आणि धुऱ्याच्या मधल्या गोळ्याखालची वाळू काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा, मगच पाट्या. पाट्यांवर चाक जोरात फिरवलंत तर त्यांच्या दातऱ्या वितळतात. टेकडीपलीकडून येणाऱ्याला दिसावं म्हणून दोन-अडीच मीटर उंच काठीवर नारिंगी झेंडा हवाच.

गोव्यातल्या मंडळींची इथे एक अडचण होते. वाळू दारात आहे, पण सराव करता येत नाही. किनाऱ्यावर गाडी घालणं गोव्यात बेकायदा आहे, पोलीस गुन्हा नोंदवतात, गाडी जप्त होते, आणि दर मोसमात कोणी ना कोणी हे करून वर्तमानपत्रात येतो. शिवाय खारं पाणी चासीत जातं ते वेगळंच. तेव्हा सराव अंगणात करा: हवा काढणं, भरणं, प्लायवर जॅक लावून चाक बदलणं. हात बसला की वाळूतलं शिकणं सोपं.

गोव्याची गाडी म्हणून निघण्याआधी काही खास तपासण्या आहेत. खाऱ्या हवेने हुकांचे बोल्ट, जोरात ओढताना सुटणारे ब्रॅकेट, मागच्या ब्रेकच्या ड्रमची जोडणी, बॅटरीची टोकं गंजतात. हुकाचा गंज वरून घासून रंग मारलेला असेल तर बोल्ट खोलून बघा. चासीला गंजरोधक म्हणून तेलकट फवारा मारायची सवय इथे बऱ्याच गॅरेजांना आहे. वाळवंटात निघण्याआधी तो नको, त्यावर वाळू चिकटते. मारायचाच तर वाळणारा, आणि तोही निदान पंधरवडा आधी. खाण पट्ट्यात फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लाल धुळीने अर्धा भरलेला असतो. नवा घाला आणि एक जास्तीचा घ्या. कागदी फिल्टर आतून बाहेर हलकी हवा मारून झटकता येतो, तेल लावायचे फिल्टर बारीक वाळूत नकोत. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं (चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचं) बेअरिंग, दोन्हीपैकी काहीतरी गेलंय. पुढच्या धुऱ्याच्या टोकाच्या वळणाऱ्या गोलाकार सांध्यावरचे, म्हणजे नकलवरचे, सील फाटलेले असतील तर वाळू ग्रीसमध्ये जाऊन चंदनासारखी उगाळली जाते आणि मग स्टिअरिंगचं थरथरणं आलंच. धुऱ्यांचे ब्रीदर (हवा खेळायच्या बारीक नळ्या) मोकळे आहेत ना, कूलंट योग्य मिश्रणाचं आहे ना, पंखा सुरू होतो ना. गोव्यात कूलंटच्या जागी नळाचं पाणी घातलं तरी गाडी वर्षभर चालते. फोर-लोमध्ये तासभर साडेतीन हजारांवर फिरवल्यावर ते उघडं पडतं.

इंधनाचं मात्र लोक जरुरीपेक्षा जास्त मनावर घेतात. टाकी ४० लिटरची, थारच्या ५७ समोर लहानच. भरलेल्या गाडीला महामार्गावर १३ ते १५, मऊ वाळूत ६ ते ८ किलोमीटर धरा. पाव टाकी राखीव ठेवली तरी वाळूत दोनशे किलोमीटर निघतात, आणि टेकड्यांमध्ये दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ. जैसलमेर किंवा त्याच जिल्ह्यातल्या रामगढला टाकी भरून दोन दिवसांचा फेरा करायचा तर डबा घेऊच नका, १९ किलो वाचतात. त्याहून दूर जायचं तर एकच २० लिटरचा, धातूचा. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय, विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगता येतं, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात, आणि धातूचं भांडं २५ लिटरच्या आतलं. पाण्याच्या प्लास्टिक कॅनमध्ये पेट्रोल हा तर शुद्ध वेडेपणा. डबा काठोकाठ भरू नका, फुगायला जागा ठेवा, आणि वाळूत पोहोचलात की आधी तोच टाकीत रिकामा करा. जिम्नीत डबा ठेवायला केबिनबाहेर सोयीची जागा नाही, हा या गाडीचा खरा दोष.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, पिण्या-शिजवण्याचं. दोघांना चार दिवस म्हणजे ४० आणि राखीव २०. हे साठ लिटर दहा-दहाच्या सहा कॅनमध्ये विभागा. एकच मोठा ड्रम फुटला तर सगळंच गेलं. मागची आसनं पाडून कॅन पुढच्या आसनांच्या पाठीला टेकवून, खाली, पट्ट्यांनी आवळून बसवा. आसनं उभी ठेवली तर मागे जेमतेम २०८ लिटर जागा उरते, तिथे हे मावणार नाही. छतावर ठेवाल तर फक्त अंथरूण आणि पाट्या. कोकमाचं आगळ बाटलीभर जरूर घ्या. त्यात मीठ असतं, पाण्यात घातलं की घामाने गेलेलं थोडं भरून निघतं. जुलाब लागले तर मात्र ओआरएसच, एका पुड्याला एक लिटर पाणी, आठ-दहा पुडे. फोव (पोहे), उकडे तांदूळ, लोणचं टिकतं. सुके बांगडे बंद जिम्नीत चार दिवस नेण्याची हौस ज्याची त्याने भागवावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोसम. दिवसा गोव्यासारखं ऊन, पण पहाटे पारा एकआकडी होतो, आणि आपली माणसं पातळ चादर घेऊन जातात. शून्य अंशाला चालेल अशी झोपायची पिशवी आणि कानटोपी. ब्युटेनच्या छोट्या डब्यांची शेगडी थंडीत मंदावते. डबा रात्री अंथरुणात घेतला की सकाळचा चहा होतो.

उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही. दाबोळी विमानतळावर परदेशी प्रवाशांवर त्यापायी कारवाई झालेली आहे, आणि जैसलमेर तर सीमेचा जिल्हा. परदेशातल्या नातलगाने भेट दिलेलं यंत्र घरीच ठेवा. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, परतीची वेळ कोणाला तरी सांगून जा. जैसलमेरजवळच्या सम आणि खुरी या गावांच्या आसपासचा बराच भाग ३१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो. तिथे माळढोक उरलेत, वाट सोडून गाडी घालायची नाही. सीमेलगतच्या पट्ट्यात परवानगी लागते. स्थानिक वाटाड्या घेतलात तर हे दोन्ही प्रश्न सुटतात, आणि कुठली टेकडी आतून भुसभुशीत आहे तेही त्यालाच ठाऊक.

पणजी ते जैसलमेर पुणे-अहमदाबादमार्गे साधारण १६५० ते १७०० किलोमीटर, एका बाजूने. जिम्नीत हा भाग कंटाळवाणा आहे. ८०-९० वर ती खुशीत, शंभरच्या पुढे इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज बोलू देत नाही, आडव्या वाऱ्यात उंच डबा हलतो. तीन दिवस धरा, दोनात उरकू नका.

परत आल्यावर चासीच्या पोकळ पट्ट्यांत, मागच्या ड्रममध्ये, पुढच्या नकलवर वाळू बसलेली असते. राजस्थानात ती कोरडी, निरुपद्रवी. गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत तीच ओल धरून ठेवते आणि पहिल्या पावसाळ्याअखेर गंज धरतो. गाडी लिफ्टवर घेऊन चासीची भोकं एकेक करून पाण्याने धुवायला सांगा, ड्रम उघडून झाडून घ्या, एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर बदला, आणि वाळू पूर्ण निघाल्यानंतरच गंजरोधक मारा.